जनुकांचे भारवाहक



पावसाळ्याच्या आरंभी नदीचे वा विहिरीचे पाणी गढूळ झाले, की त्यात तुरटीचा खडा फिरवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. दोनचार वेढे द्यावेत, हंडा झाकून रात्रभर स्वस्थ ठेवावा, आणि सकाळी पाहावे तो गाळ तळाशी व निवळ पाणी वर. असे का होते, म्हणून वर्गात विचारले, तर "तुरटी माती ओढून घेते," असे उत्तर हमखास मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असतो. सर्वांवर एकाच जातीचा भार असल्यामुळे ते परस्परांना दूर लोटतात व पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियम धनभारित रूपाने पाण्यात उतरले, म्हणजे हा ऋणभार फिटतो, कणाला कण चिकटतो, त्यांचे पुंजके होतात आणि ते आपल्याच वजनाने खाली बसतात. जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटीच्या जोडीला याच कामासाठी लांब साखळीचे धनभारित रेणूही वापरले जातात. अशा रेणूंना धनभारित बहुवारिके असे नाव आहे. एकच लहानसा रासायनिक घटक शेकडो-हजारो वेळा एकापुढे एक जोडला जाऊन जी साखळी बनते ते बहुवारिक. आणि तिच्या मण्यामण्यावर धनभार असला, म्हणजे ते धनभारित बहुवारिक.

गढूळ पाण्यातील मातीच्या कणाच्या जागी आता जनुक आहे अशी कल्पना करा, म्हणजे आजच्या विषयाच्या उंबरठ्यावर आपण येऊन पोहोचलो.

जनुक म्हणजे डी.एन.ए.च्या धाग्याचा असा तुकडा, की ज्यात एखादे प्रथिन कसे घडवावे याची आज्ञा लिहिलेली असते. काही रोग्यांत हा तुकडा जन्मतःच सदोष असतो; मग ते प्रथिन शरीरात बनत नाही आणि त्यातून दुखणे उद्भवते. निर्दोष जनुक बाहेरून नेऊन पेशीत ठेवता आले, तर रोगाच्या मुळालाच हात घातल्यासारखे होईल, हा विचार ऐकायला अगदी सरळ वाटतो. पण पेशी तशी भोळी नाही. अनोळखी डी.एन.ए. तिच्या दाराशी नेऊन ठेवला, तर ती त्याला सहसा आत घेत नाही. आणि तिचे यात काही चुकते असेही म्हणता येणार नाही, कारण परक्याच्या आज्ञा घरात शिरू देणे म्हणजे बहुतेक वेळा विषाणूला आवतण देणे होय.

अडचण कोठे आहे ते आकड्यांत पाहिले, तर अधिक स्पष्ट होईल. प्रयोगशाळेत वापरले जाणारे एक साधारण वर्तुळाकार डी.एन.ए. घेऊ. त्याच्या शिडीला सुमारे ५,००० पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना फॉस्फेटचा एकेक गट आणि प्रत्येक गटावर एक ऋणभार, म्हणजे एकंदर १०,००० ऋणभार. हे वर्तुळ उलगडून सरळ केले, तर त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पावणेदोनपट भरेल. पेशीच्या मानाने हा धागा बराच अवजड आहे. शिवाय पेशीच्या बाह्य पृष्ठावरही ऋणभारित शर्करांची दाट लव असते, म्हणून दोघे एकमेकांना दुरूनच झिडकारतात. त्यातून आत शिरायचे तर पेशीपटल स्निग्ध पदार्थाचे. त्यातून विद्युत्भार असलेल्या वस्तूला वाट नाही. आणि रक्तात तर डी.एन.ए. कातरून टाकणारी विकरे सदैव तयारच असतात.

मात्र एवढा लांब आणि एवढा भारित धागा गुंडाळून ठेवण्याची युक्ती निसर्गाने फार पूर्वीच शोधली आहे. मनुष्याच्या एकेका पेशीतील डी.एन.ए. एकापुढे एक ठेवला, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर होते, आणि तो मावतो मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीकेंद्रात. त्याला गुंडाळणारी जी हिस्टोन नावाची प्रथिने आहेत, त्यांत धनभारित घटकांची रेलचेल असते. शुक्रपेशीत तर याहूनही घट्ट बांधणी लागते. ते काम प्रोटामीन करते. १८६९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर या तरुण वैद्याने पुवाने भरलेल्या पट्ट्या धुऊन त्यातून प्रथम केंद्रकाम्ल वेगळे केले. पुढे १८७४ मध्ये सामन माशाच्या शुक्रपेशींत त्याच केंद्रकाम्लाशी जखडलेले प्रोटामीनही त्यालाच आढळले. हिस्टोनचा शोध आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ मध्ये लावला. प्रोटामीन आजही रुग्णालयांत असते. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा प्रभाव उतरवायचा असतो तेव्हा ते टोचतात. हेपॅरिनही ऋणभारित साखळीच आहे. धन आणि ऋण यांची गाठ पडली, की काम झाले.

जनुक पेशीत नेण्यासाठी या युक्तीचा एक प्रारंभीचा हेतुपुरस्सर वापर झाला तो १९६५ मध्ये. वाहेरी आणि पगानो या दोघांनी पोलिओच्या विषाणूचे निव्वळ आर.एन.ए. पेशींना देऊन पाहिले, तेव्हा संसर्ग अगदीच तुरळक झाला. पण त्यात डेक्स्ट्रान या शर्करा-बहुवारिकाला धनभारित गट जोडून तयार केलेला पदार्थ मिसळताच तो पुष्कळ वाढला. १९६८ मध्ये मॅककचन आणि पगानो यांनी हीच रीत एका वानर-विषाणूच्या डी.एन.ए.लाही लागू पडते असे दाखविले. पुढे १९७३ मध्ये ग्रॅहम व व्हान डर एब यांनी कॅल्शियम फॉस्फेटच्या साक्यात डी.एन.ए. गुंतवून पेशींवर टाकण्याची पद्धत काढली, आणि अनेक वर्षे प्रयोगशाळांचे काम तिच्यावर चालले. बहुवारिके थोडी मागे पडली.

ती पुन्हा पुढे आली १९८७ मध्ये. कनेक्टिकट विद्यापीठातील वू आणि वू या संशोधकांनी लायसीन या धनभारित ॲमिनो आम्लाच्या साखळीला एक विशिष्ट शर्करायुक्त प्रथिन जोडले. यकृताच्या पेशींवर त्या प्रथिनाला ओळखून आत ओढणारे ग्राहक असतात. साखळीने डी.एन.ए. बांधावा आणि प्रथिनाने दार उघडावे, अशी ही योजना होती. आणि ती फळाला आली. एका टोकाला ओझे आणि दुसऱ्या टोकाला पत्ता, ही कल्पना मला स्वतःला या साऱ्या इतिहासात फार देखणी वाटते.

परंतु दारातून आत गेले म्हणजे मुक्कामी पोहोचले, असे नाही. येथे जरा थांबून पेशी बाहेरची वस्तू कशी गिळते ते पाहिले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. डी.एन.ए. आणि धनभारित बहुवारिक एकत्र केले, की डी.एन.ए.वरील सुमारे नऊ-दशांश ऋणभार फिटताच तो लांब धागा एकाएकी आक्रसतो आणि मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा एक गोळा बनतो. बहुवारिक थोडे जास्त घातले, तर त्या गोळ्याच्या पृष्ठावर धनभार शिल्लक राहतो. असा गोळा पेशीच्या ऋणभारित पृष्ठाला आपोआप चिकटतो. मग त्या जागी पेशीपटलाला खळगा पडतो, खळगा खोल होतो, त्याचे तोंड मिटते, आणि गोळा एका इवल्या पिशवीत बंद होऊन आत ओढला जातो. म्हणजे तो पेशीत आहे, पण पिशवीत कोंडलेला आहे. या पिशवीच्या भिंतीत प्रोटॉन आत लोटणारे पंप असतात. त्यामुळे आतील द्रव उत्तरोत्तर आम्लधर्मी होत जातो. त्याचा सामू ७.४ च्या आसपास होता तो ५ पर्यंत उतरतो. शेवटी ही पिशवी लयकारिका नावाच्या पचनकोशाला जाऊन मिळते, आणि तेथील विकरे आत सापडलेल्या वस्तूचा चुरा करून टाकतात. लायसीनच्या साखळीने नेलेली बहुतेक जनुके याच ठिकाणी नष्ट होत. हिवतापावरचे आपल्या परिचयाचे क्लोरोक्वीन पेशींना सोबत दिले, की परिणाम वाढे, कारण ते या पिशव्यांत साठून त्यांचे पचनकार्य बिघडवते. पण हे पथ्य परीक्षानळीपुरते. रोग्याला प्रत्येक जनुकाबरोबर क्लोरोक्वीनचे मोठाले डोस कोण देणार?

या कोंडीतून वाट काढणारा पदार्थ कागदाच्या गिरणीतून आला, असे म्हटले तरी चालेल. पॉलिएथिलीनइमीन हे बहुवारिक कागद ओला झाला तरी फाटू नये, लगद्यातील बारीक तंतू वाहून जाऊ नयेत, अशा कामांसाठी आधीपासून वापरात होते. त्याच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनचा असतो, आणि असा प्रत्येक नायट्रोजन एकेक प्रोटॉन धरून धनभारित होऊ शकतो. एवढी दाट धनभाराची पेरणी दुसऱ्या कोणत्याही साध्या बहुवारिकात क्वचितच आढळेल. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे झाँ-पॉल बेर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये ते जनुकवहनासाठी वापरले आणि क्लोरोक्वीनची किंवा अन्य कशाचीही मदत न घेता ते यशस्वी होते असे दाखविले.

त्यामागची बेर यांची उपपत्ती मोठी मनोरंजक आहे. सामान्य पाण्यात, म्हणजे सामू ७ च्या सुमारास, या साखळीवरील पाचव्या भागाएवढ्याच नायट्रोजनांनी प्रोटॉन धरलेला असतो. बाकीचे रिकामे असतात. पिशवीत आम्लता वाढू लागली, की हे रिकामे नायट्रोजन येणारा एकेक प्रोटॉन टिपून घेऊ लागतात. सामू ५ वर येईतो जवळजवळ निम्मे भरतात. पंप प्रोटॉन ढकलीत राहतो आणि साखळी ते शोषीत राहते. प्रोटॉनांच्या पाठोपाठ भाराचा तोल राखण्यासाठी क्लोराइड आत येते, क्षार वाढल्यामुळे पाणी आत येते, पिशवी फुगते आणि अखेर फुटते. गोळा मोकळा होतो. स्पंज जसा पाणी टिपतो तसे हे बहुवारिक प्रोटॉन टिपते, म्हणून या उपपत्तीला "प्रोटॉन-स्पंज" असे नाव पडले. प्रोटॉनचा पंप बंद पाडणारे बॅफिलोमायसिन हे द्रव्य दिले, तर पॉलिएथिलीनइमीनचे काम कमालीचे मंदावते, हा या मताला भक्कम पुरावा होता. तरीही सगळ्यांनी माना डोलावल्या नाहीत. २०१३ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी पेशींतील लयकारिकांचा सामू प्रत्यक्ष मोजला, तेव्हा हे बहुवारिक आत असूनही त्यात फरक पडलेला दिसला नाही. मग पिशवी फुगून फुटते, की धनभारित साखळी तिच्या पटलालाच भिडून भोके पाडते, याविषयी वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. जी गोष्ट हजारो प्रयोगशाळांत रोज चालते, ती नेमकी कशी चालते यावर जाणत्यांचे एकमत नसावे, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. विज्ञानात असे पुष्कळदा घडते.

पिशवीतून सुटल्यावरही एक पल्ला उरतोच. जनुकाला पेशीकेंद्रात शिरायचे असते आणि केंद्राला स्वतःचे वेगळे आवरण असते. पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होताना हे आवरण काही काळ विरघळते. त्या संधीचा फायदा घेऊन बहुतेक जनुके आत जातात. म्हणूनच झपाट्याने वाढणाऱ्या पेशींत ही पद्धत उत्तम चालते. मज्जापेशींसारख्या न विभागणाऱ्या पेशींत मात्र तिला यश कमी.

प्रयोगशाळेतील रीत वर्णन केली, तर ती एखाद्या स्वयंपाकाच्या कृतीसारखी वाटेल. एका नळीत डी.एन.ए.चे द्रावण, दुसऱ्या नळीत बहुवारिकाचे. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात एकत्र करायची, ढवळायची, दहा-वीस मिनिटे थांबायचे आणि मग पेशींवर ओतायचे. प्रमाण मोजतात ते बहुवारिकातील नायट्रोजन आणि डी.एन.ए.तील फॉस्फेट यांच्या संख्येवरून. नायट्रोजन कमी पडला, तर गोळा नीट बांधला जात नाही. फार झाला, तर पेशी मरतात. फार वेळ थांबले, तर गोळ्याला गोळा चिकटून गठ्ठे होतात, विशेषतः द्रावणात मीठ असेल तर. जनुक पोहोचले की नाही, हे कळावे म्हणून पुष्कळदा काजव्याचे जनुक वापरतात. पेशीने ते वाचले, तर काजव्याला प्रकाश देणारे विकर तिच्यात तयार होते. मग योग्य द्रव्य घातले, की पेशी उजळतात आणि तो उजेड यंत्राने मोजता येतो. बेर यांच्या १९९५ च्या प्रयोगांतही काजव्यानेच साक्ष दिली होती.

या क्षेत्रात रसायनाच्या बाटलीवरील चिठ्ठीवर फार विश्वास ठेवून चालत नाही, याची दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. झाडाच्या फांद्यांसारखी सर्व दिशांना सारखी फुटत जाणारी गोलाकार बहुवारिके डोनाल्ड टोमॅलिया यांनी १९८० नंतरच्या दशकात बनविली होती. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील हेन्स्लर व सोका यांनी ती जनुकवहनाला उत्तम उपयोगी पडतात असे दाखविले. परंतु पुढील शोधात, १९९६ मध्ये, सोका यांच्याच प्रयोगशाळेला आढळले, की खरे काम अखंड, सुबक गोल रेणू करीत नव्हते; उष्णतेने काही फांद्या गळालेले, मोडके रेणू करीत होते. मुद्दाम पाण्यात वा ब्युटेनॉलमध्ये तापवून तोडलेले रेणू पन्नासपटींहून अधिक प्रभावी ठरले. मोडक्या रेणूंच्या फांद्यांना हालचालीस जागा असते, म्हणून ते डी.एन.ए.शी जुळवून घेतात. दुसरे उदाहरण सरळ साखळीच्या पॉलिएथिलीनइमीनचे. ते बनविताना साखळीवरचे काही गट काढून टाकावे लागतात. २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील क्लिबानॉव्ह आणि सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या मालात सुमारे दहाव्या हिश्शाएवढे गट तसेच राहिलेले दिसले. ते पूर्ण काढून टाकताच उंदरांच्या फुप्फुसांत जनुक पोहोचण्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले.

आता कोणी विचारील, की विषाणू हेच काम कोट्यवधी वर्षे बिनबोभाट करीत आले आहेत, तर त्यांनाच का जुंपू नये? जुंपले आहेच, आणि त्यात यशही पुष्कळ आले आहे. परंतु त्या मार्गावर दोन वेळा फार वाईट प्रसंग आले. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा, ॲडेनोव्हायरसने नेलेले जनुक दिल्यानंतर शरीरात उसळलेल्या तीव्र प्रतिक्रियेने चार दिवसांत दगावला. त्याचा यकृताचा आजार औषधे आणि पथ्य यांच्या जोरावर आटोक्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मृत्यूचा चटका अधिक जाणवतो. पुढे पॅरिस येथे, जन्मतः रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांना दुसऱ्या जातीच्या विषाणूद्वारे जनुक दिले गेले. मुले खरोखर बरी झाली. पण २००२ पासून त्यांतील काहींना रक्ताचा कर्करोग जडू लागला, कारण तो विषाणू पेशीच्या गुणसूत्रात नको त्या ठिकाणी जाऊन बसला होता. तेव्हापासून निर्जीव वाहकांकडे लोक अधिक आशेने पाहू लागले. बहुवारिक हे शेवटी रसायनच; ते कारखान्यात बनते, मोजता येते, साठवता येते, आणि त्याला स्वतःची वाढ नाही.

मात्र निर्जीव म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ज्या धनभाराने डी.एन.ए. बांधला जातो, तोच धनभार पेशीपटलाला फाडतो. पॉलिएथिलीनइमीनची साखळी जितकी लांब तितके ते जनुक चांगले नेते, आणि जितकी लांब तितकेच ते अधिक विषारी. शिवाय या साखळीचे शरीरात विघटन होत नाही. रक्तात सोडल्यास आल्ब्युमिनसारखी ऋणभारित प्रथिने तिला चिकटतात, तांबड्या पेशींचे पुंजके होतात आणि बराच भाग फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून पडतो. गोळ्याभोवती पॉलिएथिलीन ग्लायकॉल या निरुपद्रवी बहुवारिकाची झालर लावली, तर रक्तातील चिकटाचिकट कमी होते. पण मग पेशीलाही तो गोळा तितकासा चिकटत नाही. एकीकडचे सावरावे तर दुसरीकडचे सुटते, असा हा प्रकार आहे. या तिढ्याकडे दुर्लक्ष करून केवळ "निर्विष, सुरक्षित" अशी जाहिरात करणारे जे लिखाण अधूनमधून वाचनात येते, ते मला अप्रामाणिक वाटते.

मार्ग काढण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. एक, काम झाल्यावर आपोआप मोडणारी साखळी बनवणे. लिन आणि लँगर यांनी २००० मध्ये पाण्याच्या संपर्काने हळूहळू तुटणारी धनभारित बहुवारिके तयार केली. त्यानंतर त्याच संस्थेत अशी १४० आणि २००३ पर्यंत २,३५० निरनिराळी बहुवारिके बनवून एकामागून एक तपासण्यात आली. यांतील काही पॉलिएथिलीनइमीनहून सरस ठरली. दुसरी दिशा निसर्गातील तयार माल वापरण्याची. कोकणपट्टीवर आणि गोव्यात कोळंबी सोलून जी टरफले टाकली जातात, त्यांत कायटिन हा पदार्थ असतो. त्याला तीव्र अल्कलीत उकळले, की त्याचे कायटोसान होते. त्याच्या कडीकडीवर धनभार धरणारा नायट्रोजन असतो, आणि ते सौम्य आम्लात विरघळते. १९९९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी कायटोसानमध्ये गुंडाळलेले जनुक उंदरांना चक्क तोंडाने दिले, आणि भुईमुगाच्या दाण्यांच्या वावड्यापासून त्यांना काही संरक्षण मिळाल्याचे दाखविले. कायटोसान सौम्य आहे, हा त्याचा गुण. परंतु रक्ताच्या सामूला त्यावर धनभार फारसा उरत नाही, म्हणून जनुकावरची त्याची पकड सैल पडते.

माणसांवरील प्रयोगांपैकी एक लक्षात राहण्यासारखा आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील अब्राहम होखबर्ग यांनी घटसर्पाच्या विषाचे जनुक अशा कळीमागे ठेवले, की जी मूत्राशयाच्या कर्करोगपेशींत उघडते आणि निरोगी पेशींत बंद असते. हे जनुक पॉलिएथिलीनइमीनसह नळीने थेट मूत्राशयात सोडत. मूत्राशय ही रक्तापासून वेगळी असलेली पिशवी, म्हणून विषारीपणाचा धोका कमी, ही निवड मोठी चाणाक्ष होती. काही रुग्णांत गाठी नाहीशाही झाल्या. पण पुढच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित यश मिळण्याची चिन्हे नाहीत असे मध्यावधी तपासणीत दिसल्यामुळे २०१९ मध्ये तो प्रयोग थांबविण्यात आला. कायटोसानच्या एका सुधारित रूपातून नेलेले वेगळे जनुक याच रोगावर रुग्णांमध्ये तपासले गेले आहे.

आणि येथे एक चमत्कारिक योग आहे. विषाणूला पर्याय म्हणून पुढे आलेले पॉलिएथिलीनइमीन आज सर्वांत जास्त राबते आहे ते विषाणूच्याच सेवेत. मे २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झोलजेन्स्मा हे औषध पुष्कळांच्या कानावरून गेले असेल. पाठीच्या कण्यातील चेतापेशी जन्मतः क्षीण होत जाणाऱ्या बालकांना ते एकदाच टोचतात. एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचातून त्यांना न मिळालेले जनुक दिले जाते. २०१९ मध्ये त्याची अमेरिकेतील किंमत २१ लाख २५ हजार डॉलर होती. २०२१ च्या आरंभी मुंबईच्या एका तान्ह्या मुलीसाठी तिच्या आईबापांनी लोकांकडून सुमारे १६ कोटी रुपये जमवले आणि केंद्र सरकारने आयातकर माफ केला, ही वार्ता तेव्हा सर्वत्र गाजली होती. अशा जातीचे विषाणुवाहक बनविताना मोठमोठ्या पात्रांत मानवी पेशी वाढवतात आणि त्यांना तीन निरनिराळे डी.एन.ए. एकाच वेळी देतात. ते पेशीत नेऊन पोहोचविण्यासाठी पॉलिएथिलीनइमीन सर्रास वापरले जाते. पेशी मग विषाणूची कवचे घडवतात, ती शुद्ध करून वेगळी काढतात, आणि बहुवारिक मागे राहते. रोग्याच्या शरीरात ते जातच नाही, म्हणून त्याचा विषारीपणा येथे आड येत नाही. या कामी ज्या पेशी बहुधा घेतात, त्या कॅल्शियम फॉस्फेटवाल्या फ्रँक ग्रॅहम यांनीच १९७३ मध्ये लायडन येथे आपल्या २९३ व्या प्रयोगात मिळविल्या. म्हणून त्यांच्या नावात २९३ हा आकडा आहे. त्यांचा उगम एका गर्भाच्या मूत्रपिंडात असल्यामुळे त्यांच्या वापराला नैतिक आक्षेप घेणारी माणसे आहेत, हेही श्रोत्यांना ठाऊक असावे.

रुग्णाच्या शरीरात थेट जाण्याच्या शर्यतीत मात्र बहुवारिकांना स्निग्ध रेणूंनी मागे टाकले. धनभारित स्निग्ध रेणूंची कल्पना फेल्ग्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच मांडली होती. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत अरबिंद चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही अशा रेणूंवर पुष्कळ काम केले आहे. २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीत ज्या आर.एन.ए. लसी जगभर दिल्या गेल्या, त्यांतील स्निग्ध रेणूंची खुबी अशी, की रक्ताच्या सामूला ते जवळजवळ भाररहित असतात. पेशीतील त्या आम्ल पिशवीत पोहोचल्यावरच ते धनभारित होतात आणि पटल भेदतात. बहुवारिकांचा सारा त्रास अवेळी आणि अस्थानी असलेल्या धनभाराचा होता; स्निग्ध रेणूंनी तो वेळेवर आणला.

बहुवारिकांचे रसायनज्ञही आता याच वाटेने, पण उलट दिशेने निघाले आहेत. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील वेमथ आणि वेंडर यांच्या गटाने अशी साखळी बनविली, की जी आरंभी धनभारित असते व आर.एन.ए.ला घट्ट धरते; पेशीत शिरल्यावर मात्र तिच्यातील अणूंची जुळणी आपोआप बदलते, ती तुटून लहान भाररहित तुकडे होतात आणि आर.एन.ए. मोकळा सुटतो. क्लोरोक्वीन नको, पिशवी फुटण्याची वाट पाहणे नको, आणि मागे विषारी साखळीही नको. त्यांनी ती जिवंत उंदरांना टोचली, आणि काजव्याच्या विकराचा उजेड उंदरांच्या अंगातून बाहेर दिसला.